आयोगाला मतदारसंघ नसतो

प्रति,
मा. सदस्य,
महाराष्ट्र विधानसभा आणि महाराष्ट्र विधान परिषद यांस

विषय : राज्य मानवी हक्क आयोगाला पैसा, माणसं आणि सभागृहातला अर्धा तास मिळण्याबाबत

स. न. वि. वि.

पत्र एक आणि वाचणारे तीनशे सहासष्ट. विधानसभेचे २८८, परिषदेचे ७८. त्यातल्या दोघांनी जरी शेवटपर्यंत वाचलं तरी श्रम वसूल झाले असं धरीन.

मी ३१ वर्षं न्यायालयात लिपिक होतो. निवृत्तीनंतर घरात बसवेना, म्हणून आठवड्यातले तीन दिवस तालुक्याच्या कचेरीसमोर लिंबाखाली टेबल टाकतो आणि लोकांचे अर्ज लिहून देतो. पैसे घेत नाही, चहा घेतो. बहुतेक अर्ज ठरलेले असतात. वारसाची नोंद झाली नाही, सातबाऱ्यावर चुलत्याचं नाव तसंच राहिलं, श्रावणबाळचे पैसे चार महिने आले नाहीत. ही माणसं मोठ्याने बोलतात, शेजारच्या टेबलावरच्यालाही ऐकू जावं अशी. पण महिन्यातून एखादा येतो, तो आधी लांब उभा राहून गर्दी ओसरायची वाट बघतो. मग खुर्ची पुढे ओढतो आणि आवाज खाली आणतो. तेव्हाच मला कळतं, की हा कागद तहसीलदारांच्या नावे निघणार नाही.

अशीच एक बाई आली होती. तिच्या पोराला चौकशीला म्हणून एका ठाण्यात नेलं, दोन रात्री ठेवलं, कागदावर कुठेच घेतलं नाही आणि तिसऱ्या दिवशी सोडून दिलं. घरी आला तेव्हा त्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. दवाखान्याचा केसपेपर तिने प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या डब्यात आणि डबा फडक्यात बांधून आणला होता. मी तारीख बघितली आणि लिहायला घेतलेला पेन खाली ठेवला. चौदा महिने झाले होते. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ च्या कलम ३६ प्रमाणे घटनेला वर्ष उलटलं की आयोगाला त्या बाबीची चौकशी करता येत नाही. "इतके दिवस काय केलंस, बाई?" तर म्हणाली, "मोठे साहेब म्हणले व्हते, बघतो. म्या वाट बघितली, भाऊसाहेब."

असा काही आयोग आहे, तिथे साध्या कागदावर मराठीत लिहून पाठवलं तरी चालतं, फी पडत नाही, वकील करावा लागत नाही, यातलं एक अक्षर तिच्या कानावर गेलेलं नव्हतं. जाणार तरी कुठून? मानवी हक्कांबद्दल लोकांना शहाणं करणं हेही त्याच कायद्याने आयोगाला दिलेलं काम आहे. पण फलक छापायला, तालुक्यात माणूस पाठवायला, आकाशवाणीवर दोन मिनिटं घ्यायला पैसा लागतो.

हे पत्र त्या पैशाबद्दल आहे.

तुमच्यापैकी अनेकांना हे ठाऊक असेल, तरी नव्यांसाठी थोडक्यात. केंद्राचा कायदा १९९३ चा. महाराष्ट्राचा आयोग २००१ पासून काम करतो. कचेरी मुंबईत, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर, हजारीमल सोमाणी मार्गावर. एक अध्यक्ष आणि दोन सदस्य. पूर्वी कायद्यात याहून जास्त सदस्य होते, २००६ च्या दुरुस्तीने ते कमी झाले. साक्षीदाराला बोलावणं, कागदपत्रं मागवणं यासाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार. तुरुंगात जाऊन पाहणी करायचा अधिकार. सरकारी नोकराने हक्क तुडवला, किंवा दुसरा कुणी तुडवत असताना त्याने दुर्लक्ष केलं, तर चौकशी करून भरपाईची, खटल्याची, कारवाईची शिफारस. बारा कोटींच्या वर लोकसंख्येचं राज्य आणि त्यासाठी तीन खुर्च्या. त्या तिन्ही भरलेल्या असतील असंही नाही.

आता पैशाचं. कलम ३३ वाचा, छोटंच आहे. राज्य सरकारला 'योग्य वाटेल' तेवढी रक्कम सरकारने विधिमंडळाच्या मंजुरीनंतर आयोगाला अनुदान म्हणून द्यावी, असा त्याचा अर्थ. न्यायालयात इतकी वर्षं काढल्यावर मला 'योग्य वाटेल' या शब्दांची एक धास्ती बसली आहे. योग्य कुणाला वाटायचं? ज्याच्या विरुद्ध तक्रारी येतात त्याला. पोलीस राज्य सरकारचे, तुरुंग राज्य सरकारचे, सरकारी दवाखाने, निरीक्षणगृहं आणि आश्रमशाळा राज्य सरकारच्या. उद्या गावात कुणी म्हणालं, की ज्याच्यावर फिर्याद आहे त्याने न्यायाधीशाच्या जेवणाचा डबा भरायचा, आणि डब्यात किती भाकऱ्या घालायच्या हेही त्यानेच ठरवायचं, तर पारावरची माणसं हसतील. कायद्यात लिहिलं की कुणी हसत नाही.

भाकऱ्या तर भाकऱ्या, वाढपीही त्याच घरचे. कलम २७ सांगतं, की आयोगाचा सचिव राज्य सरकारने द्यायचा आणि चौकशीसाठी पोलीसही राज्य सरकारनेच द्यायचे, विशेष पोलीस महानिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली. म्हणजे ठाण्यात मार खाल्ला अशी तक्रार आली, की तिची शहानिशा करणारा माणूस काही वर्षांनी त्याच खात्यात, कदाचित त्याच जिल्ह्यात, नेमणुकीवर परत जाणार. तो अधिकारी कितीही सचोटीचा असो. तसे मी पाहिले आहेत, न्यायालयात साक्षीला येणारे आणि स्वतःच्या खात्याविरुद्ध खरं बोलणारे. पण एखाद्याची सचोटी पणाला लावून संस्था चालवायची नसते.

हा माझ्या एकट्याचा आक्षेप आहे असं समजू नका. देशोदेशींच्या मानवी हक्क आयोगांची एक जागतिक संघटना आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९३ सालीच मान्य केलेल्या पॅरिस तत्त्वांवर ती प्रत्येक आयोगाला तपासते. स्वतःची माणसं, स्वतःची जागा आणि सरकारपुढे हात पसरावा लागू नये इतका निधी, हा त्या तत्त्वांचा गाभा. आपल्या राष्ट्रीय आयोगाचं मानांकन या संघटनेच्या समितीने २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं लांबणीवर टाकलं. कारणं अनेक दिली होती, त्यातलं एक हेच होतं, की चौकशीचं काम पोलीस अधिकाऱ्यांकडे आहे. दिल्लीच्या आयोगाची ही कथा, तर राज्यांच्या आयोगांना कोण विचारतो!

खुर्च्यांचीही गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यात एक पत्र आहे. १९८६ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम बंगालमधल्या विधी सहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांना कोठडीतल्या मृत्यूंबद्दल एक पत्र लिहिलं. सोबत वर्तमानपत्रातली कात्रणं होती. न्यायालयाने ते पत्र याचिका म्हणून दाखल करून घेतलं. डिसेंबर १९९६ मध्ये निकाल आला आणि अटक करताना काय करायचं, काय नाही, याचे अकरा नियम देशाला मिळाले. अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला कळवणं, वैद्यकीय तपासणी हे सगळं त्या पत्रातून आलं. ते प्रकरण तिथे संपलं नाही. त्याच प्रकरणात २४ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावलं, की मानवी हक्क आयोगांमधली रिकामी पदं तीन महिन्यांत भरा.

तीन महिन्यांत. त्यानंतर आपल्या राज्यात काय झालं? २०१८ पासून पुढची काही वर्षं आयोगाला पूर्णवेळ अध्यक्ष नव्हता. कारभार प्रभारी चालला आणि विषय जनहित याचिकेने उच्च न्यायालयापर्यंत गेला. इथे सरकार कुणाचं होतं असा प्रश्न विचारू नका. त्या काळात तिन्ही चवींची सरकारं येऊन गेली. खुर्ची मात्र सगळ्यांच्या राज्यात सारखीच रिकामी. इतकी एकवाक्यता एरवी तुमच्यात आमदारांच्या मानधनवाढीच्या वेळीच दिसते. हे जरा लागलं असेल तर क्षमा असावी. आणि नेमणुकीची शिफारस करणाऱ्या समितीत कोण असतं बघा : मुख्यमंत्री, विधानसभेचे अध्यक्ष, गृहमंत्री, विधानसभेतले विरोधी पक्षनेते, आणि आपल्याकडे वरचं सभागृह असल्यामुळे परिषदेचे सभापती व तिथले विरोधी पक्षनेते. सगळे तुमच्यातलेच. आयोगाचा अध्यक्ष कधी निवृत्त होणार हे त्याच्या नेमणुकीच्या दिवशीच कॅलेंडरवर लिहिता येतं. २०१९ च्या दुरुस्तीपासून मुदत पाचाऐवजी तीन वर्षांची आहे, तेव्हा आकडेमोडही फार नाही.

काम मात्र वाढतच चाललं आहे. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलं. फाटक, कोठडी, व्हरांडा, ड्यूटी अंमलदाराची खोली, सगळीकडे. चित्रण अठरा महिने जपायचं, ते जमत नसेल तर निदान वर्षभर. आणि ठाण्यात कुणाला इजा झाली तर त्याने राज्य मानवी हक्क आयोगाकडे जावं, आयोगाने ताबडतोब चित्रण मागवावं, असंही त्यात आहे. कागदावर हे फार मोठं पाऊल. पण राज्यात हजाराहून जास्त ठाणी आहेत. ते चित्रण मागवणार कोण, तासन् तास बसून बघणार कोण, त्यात छेडछाड झाली आहे का हे ओळखणारा तंत्रज्ञ कुठला? न्यायालयाने काम दिलं, हात द्यायचे राज्याकडे राहिले. त्या बाईच्या पोराच्या दोन रात्रीही कुठल्या तरी यंत्रात असतील. असल्या तर आता नसतील.

अंतराचंही तसंच. सिरोंच्याहून मुंबई नऊशे-हजार किलोमीटर पडते. गडचिरोली जिल्ह्यातल्या माणसाला रेल्वे पकडायची तर वर्षानुवर्षं देसाईगंज-वडसा गाठावं लागत आलं आहे. अर्ज टपालाने पाठवता येतो, ऑनलाइन करता येतो, मान्य. सुनावणीला फोनवर हजर राहता येईल, तेही मान्य. पण ज्याला आपल्याच ठाण्याच्या समोरून जाताना घाम फुटतो, त्याला कॅमेऱ्यासमोर त्याच ठाण्याच्या अधिकाऱ्याचं नाव घ्यायला सांगून बघा. त्याला समोर माणूस लागतो. माहिती आयोगाची खंडपीठं तुम्ही पुण्याला, नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला, नाशिकला, अमरावतीला केलीत. कोकणासाठीही वेगळं आहे. उच्च न्यायालय नागपूर आणि संभाजीनगरला कधीचंच होतं, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच बसलं. तुम्ही स्वतः दर हिवाळ्यात नागपूरला जाता. ठाण्यात मार खाल्लेल्या माणसाची दाद तेवढी बोरीबंदरावर.

आता थोडं लांबचं सांगतो. लांबचं अशासाठी, की जवळच्या उदाहरणांत लगेच पक्ष आडवे येतात.

उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या देशांची एक संघटना आहे, २०१६ साली तिच्यात पस्तीस देश होते, आणि तिचा १९५९ साली स्थापन झालेला मानवी हक्क आयोग वॉशिंग्टनला आहे. सात सदस्य. २३ मे २०१६ रोजी या आयोगाने एक पत्रक काढून जगाला सांगितलं, की आमच्या तिजोरीत खडखडाट आहे. जुलै संपताना चाळीस टक्के कर्मचाऱ्यांचे करार संपतील आणि ते पुढे चालू ठेवायला पैसा नाही. देशांचे दौरे रद्द. वर्षाची उरलेली दोन अधिवेशनं रद्द. कारणही उघड सांगितलं. मूळ संघटना आपल्या नियमित अंदाजपत्रकातला जेमतेम सहा टक्के वाटा आयोगाला देत होती. उरलेला गाडा देणग्यांवर, त्यातही युरोपातल्या देशांच्या, आणि ती मदत आटली होती. पस्तीस देशांच्या माणसांचे हक्क सांभाळायचे आणि बिल भरायचं समुद्रापलीकडच्या पाहुण्याने, असा प्रकार.

ती कंगाली आकाशातून पडलेली नव्हती. २०११ मध्ये याच आयोगाने ब्राझीलला सांगितलं होतं, की शिंगू नदीवरच्या बेलो मॉन्ते धरणाचं काम आदिवासींचं म्हणणं ऐकून घेईपर्यंत थांबवा. ब्राझील संतापला. संघटनेतला आपला राजदूत परत बोलावला आणि वर्गणी अडवून धरली. आयोगाचा आवाज बंद करायचा तर कायदा बदलण्याची खटपट करायची गरज पडत नाही, हे ज्याला कळायचं त्याला तेव्हा कळलं.

पण २०१६ मध्ये लोक गप्प बसले नाहीत. तिकडच्या संघटना, कायद्याचे प्राध्यापक, ज्यांची प्रकरणं आयोगाने चालवली होती त्यांची घरची माणसं, सगळ्यांनी आपापल्या सरकारांना पत्रं लिहायला सुरुवात केली. काही देशांनी हात ढिला केला, माणसं घरी जायची वाचली. आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये मेक्सिकोत कान्कुनला भरलेल्या सर्वसाधारण सभेत ठरलं, की आयोगाचा नियमित निधी तीन वर्षांत दुप्पट करायचा.

लोकांना त्या आयोगाचा एवढा कळवळा का आला, हे समजायचं तर १९७९ च्या सप्टेंबरमध्ये ब्वेनोस आयरेसला जावं लागतं. अर्जेंटिनात लष्कराची राजवट होती. हजारो तरुण घरातून उचलून नेले होते आणि त्यांचं पुढे काय झालं हे सरकार सांगत नव्हतं. आयोग चौकशीला आला आणि आवेनिदा दे मायो या रस्त्यावरच्या एका कचेरीत लोकांचं म्हणणं ऐकायला बसला. बाहेर आयाबायांची रांग लागली, ती रस्त्यावर वळणं घेत गेली. सरकारने गाड्यांवर चिकटवायला कागद छापले होते, 'आम्ही अर्जेंटिनाचे लोक सरळ आणि माणूस आहोत' अशा अर्थाचे. त्यांच्या भाषेत 'मानवी हक्क' या शब्दांवरची ती कोटी होती. त्यातच ७ सप्टेंबरला तोक्योत युवा विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. मॅराडोना नावाच्या पोराच्या संघाने सोव्हिएत संघाला हरवलं. रेडिओवरच्या समालोचकाने आवाहन केलं, की सगळे आवेनिदा दे मायोवर या आणि आयोगाच्या पाहुण्यांना खरा अर्जेंटिना दाखवा. जल्लोष करणारी गर्दी त्या रांगेच्या अंगावरून गेली. बायका रांगेतून हलल्या नाहीत. आयोगाने त्या दौऱ्यात ५,५८० तक्रारी लिहून घेतल्या आणि पुढच्या वर्षी अहवाल छापला.

मी या गोष्टीतल्या लिहून घेणाऱ्या माणसांचा विचार करतो. धंद्याचा परिणाम असेल. पाच हजारांवर तक्रारी हाताने लिहायच्या, नाव, तारीख, घरातून नेलं तेव्हा अंगावर कुठला सदरा होता. त्याला कारकून लागतात, दुभाषे लागतात, टाइपरायटर लागतात, चहा लागतो. रांगेतल्या बाईला तिच्या पाळीला कुणीतरी समोर बसलेलं दिसलं, याची किंमत कुठल्या तरी अंदाजपत्रकात कुणीतरी आधी मांडून ठेवलेली होती.

आमच्याकडे आयोगासाठी पत्रं का जात नाहीत? इथे मला तुमच्याइतकंच स्वतःकडे बोट दाखवावं लागतं. तुम्ही गावात आलात की आम्ही काय मागतो? सभामंडप, स्मशानभूमीला शेड, पाणंद रस्ता, जळालेली डीपी. मी स्वतः दोनदा डीपीच मागितली आहे. आयोगाला पैसे द्या असं कुठल्या गावाने तुम्हाला निवेदन दिलंय? आणि ज्यांना तो लागतो त्यांची यादी करून बघा. तुरुंगातला कच्चा कैदी : लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे त्याला मतदान करता येत नाही, खटला सुरूही झाला नसला तरी. पोलीस कोठडीतला माणूस : त्यालाही नाही. आश्रमशाळेतली नि बालगृहातली पोरं : वय नाही. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षं पडून असलेली माणसं : त्यांना नातेवाईकच न्यायला येत नाहीत, तर मतदार यादी घेऊन कोण जाणार? पालावरचे पारधी : १९५२ साली गुन्हेगार जमातींचा कायदा गेला तरी गावात चोरी झाली की पहिली गाडी त्यांच्या पालाकडेच वळते, आणि मतदार यादीचं काम निघतं तेव्हा पाल दुसऱ्याच जिल्ह्यात असतं.

म्हणजे गंमत अशी, की राज्यात एक संस्था अशी आहे जिचे जवळजवळ सगळे लाभार्थी मतदानाच्या दिवशी कुठल्याच बूथवर दिसत नाहीत. रस्ता नाही झाला तर तुम्ही पडाल. आयोगात खुर्ची नाही भरली तर तुमचं एक मतही कमी होत नाही. मी तुम्हाला दोष देत नाही, हिशेब सांगतो आहे. या हिशेबात आयोगाच्या वाट्याला 'योग्य वाटेल' तेवढंच येणार.

म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलं आहे, की आयोगाचा मतदार व्हायचं. माझं मत आहे, सत्तर वर्षांचं वय आहे आणि ऐकणारी शे-दोनशे माणसं टेबलाशी येतात. पुढच्या वेळी तुम्ही किंवा तुमची माणसं आलात तर डीपीच्या आधी हे विचारीन.

काय विचारीन ते आत्ताच सांगून ठेवतो. पहिलं आणि सगळ्यांत स्वस्त : वार्षिक अहवाल. कलम २८ प्रमाणे आयोग आपला अहवाल सरकारला देतो आणि सरकारने तो दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवायचा असतो. सोबत कुठली शिफारस मानली, कुठली मानली नाही आणि का मानली नाही, याचं निवेदन. या 'का'ला एक पैसा लागत नाही. तुमच्यापैकी कुणी तारांकित प्रश्न टाकावा : शेवटचा अहवाल कुठल्या वर्षाचा ठेवला, किती शिफारशी नाकारल्या, कारण काय दिलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२१ साली म्हटलं, की राज्य आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक आहेत. आपल्याकडे बंधनकारक नको तर नको, निदान उत्तर देणं तरी बंधनकारक करा. अहवाल पटलावर ठेवला जातो तेव्हा सभागृहात किती जण असतात हे मी दूरदर्शनवर पाहिलं आहे. त्या दिवशी अर्धा तास बसा.

दुसरं पैशाचं. आकडा मी सांगणार नाही, तो आयोगाने सांगावा आणि तुम्ही ऐकावा. मला एवढंच म्हणायचं आहे, की आयोगाने आपली मागणी किती केली आणि सरकारने किती दिलं, हे दोन्ही आकडे अंदाजपत्रकात शेजारीशेजारी छापा. तफावत दिसू द्या. कान्कुनला जसं तीन वर्षांचं ठरलं तसं इथेही तीन वर्षांचं ठरवता येईल, म्हणजे दरवर्षी मार्चमध्ये आयोगाच्या सचिवाला मंत्रालयाचे जिने चढावे लागणार नाहीत. कपात सूचना मांडायची तुम्हाला हौस असते, ती या बाबीवर उलट्या अर्थाने वापरा : का कमी दिलं, यावर.

तिसरं, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे, चौकशीची माणसं. त्याच कलम २७ मध्ये आयोगाला स्वतःचे प्रशासकीय, तांत्रिक आणि वैज्ञानिक कर्मचारी नेमायची मुभा आहे, राज्य सरकारने केलेल्या नियमांना धरून. तेव्हा नियम करा. निवृत्त न्यायदंडाधिकारी आहेत, न्यायवैद्यक शिकलेले डॉक्टर आहेत, समाजकार्याची पदवी घेऊन दहा-बारा हजारांवर संस्थांमध्ये राबणारी पोरं-पोरी आहेत. यांतले वीस-पंचवीस जण घ्या आणि महसूल विभागावार बसवा. कोठडीतल्या माराची खूण आठ दिवसांत पिवळी पडते, पंधरवड्यात जाते. ती बघायला माणूस आठ दिवसांत पोचला पाहिजे. मुंबईहून पत्र निघून, अधीक्षकांकडून अहवाल मागवून, तो येईपर्यंत कातडी आपला पुरावा पुसून मोकळी झालेली असते.

खुर्च्या वेळेवर भरा, हे वेगळं लिहायला नको. आणि प्रत्येक ठाण्यात, तुरुंगाच्या भेटीच्या खिडकीशी, ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपर काढायच्या जागी एक फलक : आयोग आहे, फी नाही, वर्षाच्या आत अर्ज करा. 'वर्षाच्या आत' हे शब्द मोठ्या अक्षरांत.

गोव्यातही राज्य आयोग आहे, कर्नाटकात आहे. त्यांचं दुखणं त्यांनी सांगावं. मी महाराष्ट्रात अर्ज लिहितो म्हणून महाराष्ट्राचं सांगितलं.

ती बाई परत आली होती. मी तिला सांगितलं होतं, की आयोगाचा रस्ता बंद झाला तरी न्यायालयाचा आहे, तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. नाव घालून दिलं. तिने विचारलं, "ह्यालाबी वर्षाची मुदत आहे का?" तेव्हापासून मी टेबलाच्या पुढच्या बाजूला पुठ्ठ्यावर लिहून लावलं आहे, 'मारहाण, कोठडी, तुरुंग, वसतिगृह : आधी तारीख सांगा.' पावसाने शाई फुटते, दर दोन महिन्यांनी नवा पुठ्ठा करतो.

येत्या अधिवेशनात कुणी प्रश्न टाकलाच तर त्याचा क्रमांक वर्तमानपत्रात येऊ द्या. पुठ्ठ्यावर खाली जागा ठेवली आहे.

कळावे,
आपला नम्र,
कचेरीसमोरच्या लिंबाखालचा एक अर्जनवीस